मान वळवलेला हंस

१

टॉवेलचा हंस करायला नूरिसला मिनिटसुद्धा लागत नसे. दोन्ही काठ आत गुंडाळायचे, टोक चिमटीत धरून मान उभी करायची आणि पलंगाच्या मधोमध ठेवून द्यायचा. चौदा खोल्या, चौदा हंस, आठवड्याचे सहा दिवस, अशी एकोणीस वर्षं झाली. पाहुण्यांना हंस फार आवडतात म्हणे. आधी फोटो काढतात, मग त्याच हंसाला पाय पुसतात.

हॉटेल समुद्राला लागून होतं, पण स्वस्तातलं. मनगटाला एकदा प्लास्टिकचा पट्टा बांधला की आठवडाभर खा, प्या, लोळा, कुणी काही विचारणार नाही. दुपारचा भात रात्री मटार घालून पुन्हा यायचा आणि रममध्ये बर्फच जास्त असायचा. तरी थंडीकडची माणसं वर्षानुवर्षं येत. यंदा मात्र त्या मेल्या तपकिरी शेवाळानं उच्छाद मांडला होता. किनाऱ्यावर गुडघाभर थर साचलेला, आणि त्याचा नासक्या अंड्यांसारखा वास थेट जेवणघरात. पाहुणे निम्म्यावर आले आणि वरच्यांनी सी ब्लॉक बंद करायचं ठरवलं.

"तिसरा मजला तुझ्याकडे," खोल्यांची मुख्य बाई इलुमिनादा मंगळवारी सकाळी म्हणाली. "चादरी काढ, गाद्या झाक, पडदे उतरव. पुढच्या बुधवारपर्यंत सगळं मोकळं हवं. गुरुवारी सुतार दारांना फळ्या ठोकणार आहेत."

"एकटीनं करू?"

"मग काय, तुझ्या दिमतीला पलटण देऊ? माणसं आहेत कुठे, बाई!"

नूरिसनं गाडी ढकलत वर नेली. पाहुणे नसलेला मजला तिनं कधी बघितला नव्हता. गाडीचं एक चाक नेहमीच कुरकुरायचं. आज ते एवढ्या मोठ्यानं कुरकुरलं की तिला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

२

तीनशे सतरा ही रांगेतली शेवटची खोली, समुद्राच्या अंगाची. शनिवारपासून रिकामी. दार तीनदा वाजवून, हाक मारून मगच उघडायचं, ही एकोणीस वर्षांची सवय. रिकाम्या खोलीचंही दार तिनं तीनदा वाजवलं आणि स्वतःशीच हसली.

पलंग नीट होता. पडदे ओढलेले होते. न्हाणीघरात मात्र जमिनीवर टॉवेल पडला होता.

हॉटेलातली ही भाषा कुणालाही कळते. टॉवेल खुंटीला असला तर मी अजून वापरणार आहे, जमिनीवर असला तर बदलून द्या. नूरिसनं वाकून उचलला तर तो चिंब ओला. 'आलं असेल कुणीतरी कामचुकार आंघोळ करून,' तिच्या मनात आलं. बागकाम करणारे लोक असले उद्योग करतात. पण हाताला खारट चिकटपणा लागला. तिनं टॉवेल नाकाशी नेला. मीठ होतं, आणि मिठाच्या खाली पेट्रोल.

शेवाळाचा वास नव्हता, हे तिला विचित्र वाटलं. आपल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरलेल्या माणसाला आंघोळ करूनही तो वास सोडत नाही. मग हे पाणी कुठल्या समुद्राचं?

तिनं कोरडा टॉवेल ठेवला. जाता जाता मोठ्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि पलंगाजवळच्या टेबलावर ठेवलं. का ठेवलं, हे विचारलं असतं तर म्हणाली असती, खाऱ्या पाण्यातून आलेल्याचा घसा सुकतो, त्यात काय एवढं. हात आपोआप गेला, बस.

दार ओढताना तिचं लक्ष पुन्हा न्हाणीघराकडे गेलं. टॉवेलमधून पाणी निथळत होतं, पण फरशी कोरडी ठणठणीत होती. पावलाचा एक ठसा नाही.

३

याच मजल्यावर नूरिसनं आपल्या मुलीला काम शिकवलं होतं. दिलेनिया तेव्हा एकवीस वर्षांची. हाताला वळण कसलं ते नाही. तिच्या हंसाची मान काही केल्या सरळ उभी राहायची नाही, मागे वळूनच बसायची.

"अगं, हा पाहुण्यांकडे पाठ करून बसलाय!" नूरिस म्हणायची.

"लाजतोय तो आई. त्याला कुठे सवय आहे गोऱ्या माणसांची!"

आणि एक ठरलेली थट्टा होती. गाडी ढकलून दोघी दमल्या की दिलेनिया कुठल्यातरी रिकाम्या पलंगावर अंग टाकायची. मनगट वर करून म्हणायची, "बघच तू. एक दिवस मीपण तो पिवळा पट्टा बांधून इथे येऊन राहणार. टॉवेल मुद्दाम जमिनीवर टाकणार. तू दार वाजवलंस ना, की आतून सांगणार, नंतर या!"

"आणि मी तुझ्या पाठीत धपाटा घालणार. ऊठ, सात खोल्या राहिल्यात."

सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, दिलेनिया हिग्वेला मैत्रिणीकडे जाते म्हणून घरातून निघाली. नूरिसच्या पलंगावर टॉवेलचा हंस ठेवून गेली, मान वळवलेला. हिग्वेला ती पोचलीच नाही. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरून एक होडी रात्री चोरून पोर्तो रिकोकडे गेली, चाळीसेक माणसं आणि पेट्रोलचे डबे घेऊन, एवढंच पुढे कळलं. कुणी म्हणालं बुडाली. कुणी म्हणालं पोलिसांनी धरली. एकानं तर शपथेवर सांगितलं की तिकडे पोर्तो रिकोत, सान हुआनला, केस कापायच्या दुकानात तिला बघितलं, जाडी झाली आहे. त्या एका वाक्यावर नूरिसनं सहा वर्षं काढली. जाडी झालेली दिलेनिया तिच्या डोळ्यांसमोर इतकी स्पष्ट होती की तिच्या मापाचे दोन झगेही तिनं शिवून ठेवले होते.

शेजारणी म्हणत, नऊ दिवसांची प्रार्थना घाल, पोरीला मोकळं कर. नूरिस त्यांच्या अंगावर जायची. "जिवंत पोरीचे नऊ दिवस घालू? तुमच्या जिभा झडल्या नाहीत कशा?" चर्चच्या पाद्र्यानं विचारलं तेव्हा त्यालाही तिनं हेच सुनावलं होतं, फक्त जिभेचं सोडून. तो हंस अजून तिच्या कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत होता. तिनं तो कधी उलगडला नव्हता.

४

बुधवारी टॉवेल पुन्हा जमिनीवर होता. पेला रिकामा होता.

नूरिसनं टॉवेल बदलला, पेला भरला आणि खाली जाऊन तेओफिलोला गाठलं. हा फाटकावरचा रखवालदार, कुलपांची नोंद याच्याच यंत्रात असायची.

"तीनशे सतरा कोण उघडतं रे?"

त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "काल सकाळी दहाला एकदा. आज दहाला एकदा. दोन्ही वेळा तुझं कार्ड. का गं, स्वतःवरच पाळत ठेवतेस?"

"सज्ज्यातून कुणी चढत असेल."

"तिसऱ्या मजल्यावर? माकड पाळलंय का कुणी!"

ती हसली नाही. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. ती तर्क लढवत होती. छताचा नळ फुटला असेल. पण नळाला पेट्रोलचा वास येतो का? उन्हानं पाणी आटत असेल. पण पेलाभर पाणी एका दिवसात, तेही पडदे ओढलेल्या खोलीत? रोज एक तर्क मोडून पडायचा आणि रोज ती तीनशे सतरा शेवटची ठेवायची. बाकी खोल्या भराभर उरकायची, गाद्या झाकताना तिचा कान रांगेच्या टोकाला असायचा. एकदा तिकडून पाणी सोडल्याचा आवाज आला. ती धावत गेली तर न्हाणीघर कोरडं होतं.

शनिवारी टॉवेल जमिनीवर नव्हता. पलंगावर होता. ओल्या टॉवेलचा हंस, चादरीवर खारा डाग पसरलेला, आणि मान मागे वळवलेली.

नूरिस खुर्चीवर बसली. पाहुण्यांच्या खुर्चीवर बसायचं नसतं, तरी बसली. तिला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्याही वर, छाती फुटेल इतका, आनंद झाला. माझी पोर आली, एवढंच तिला कळत होतं. कुठून आली, कशी आली, सहा वर्षं कुठे होती, हे प्रश्न तिनं गाडीखाली ढकलले. तिनं हंसाच्या मानेवरून बोट फिरवलं आणि बोट चाटलं. खारट.

रविवारी तिची सुट्टी. चर्चचा निळा झगा घालून ती कामावर आली. इलुमिनादानं डोळे मोठे केले. "वेड लागलं का तुला?" "पडदे राहिलेत," नूरिस म्हणाली. पिशवीत तिनं पहाटे उठून भाजलेले नारळाचे केक आणले होते, तीनशे सतरात ठेवायला. दिलेनियाचा जीव होता त्यांच्यावर, एका बैठकीत सहा खायची.

सोमवारी सहाच्या सहा केक जसेच्या तसे होते. मुंगीसुद्धा लागली नव्हती. पाणी मात्र थेंबभर उरलं नव्हतं.

५

मंगळवारी पडद्यांचे गज काढायला इलुमिनादानं योकास्ताला वर पाठवलं. योकास्ता दुसऱ्या मजल्यावर काम करायची. दोघी एकाच गल्लीत राहायच्या, एकाच बसनं यायच्या. तोंडाळ बाई, पण जिवाला जीव देणारी. ती बडबडतच तीनशे सतरात शिरली आणि टेबलापाशी थबकली.

टेबलावर पांढरा हातरुमाल अंथरलेला. त्यावर पाण्याचा पेला. रुमाल कधी अंथरला, नूरिसला आठवेना.

"नूरिस," योकास्ता हळू म्हणाली, "कोण गेलं?"

"कोण जाणार? काहीतरीच."

"मग हे पाणी कुणासाठी?"

नूरिसनं पेल्याकडे बघितलं. तिच्या आईच्या वेळी, वडिलांच्या वेळी, तिनं स्वतः असंच पांढरं अंथरून पाण्याचा पेला मांडला होता. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गेलेला माणूस नऊ दिवस घरात येतो, त्याला भूक नसते, तहान असते. जिवंत माणसासाठी कुणी असं पाणी ठेवत नाही. सहा वर्षं जे तोंडातून निघू दिलं नाही, ते तिच्या हातांनी परस्पर कबूल करून टाकलं होतं.

"कधीपासून ठेवतेस?" योकास्तानं विचारलं.

"गेल्या मंगळवारपासून."

योकास्ता बोटांवर मोजू लागली. "म्हणजे उद्या नववा." तिनं नूरिसचे दोन्ही हात धरले. नूरिसच्या हातांचा खारा ओलावा योकास्ताच्या हातांना लागला आणि तिनं ते पोटाशी पुसले. पेट्रोलचा वासही आला असणार, कारण तिचा चेहरा उतरला. "ऐक माझं. उद्या दार सताड उघड. पेल्यातलं पाणी उंबऱ्याबाहेर ओत. तिला जा म्हण, नाव घेऊन. आणि मागे न बघता खाली ये."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ती कुठे जाईल गं? जिथे पाणी ठेवलंस तिथेच बसेल, तहानलेली. परवा हे फळ्या ठोकणार. मग तिला पाणी कोण देणार?"

नूरिस रडू लागली. आवाज न करता, पदराआड रडावं तशी एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. "सान हुआनला आहे ती," ती म्हणाली. "जाडी झालीये."

"हो गं माझे बाई," योकास्ता म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

६

बुधवारी दहाचं ऊन रांगेत आडवं पडलं होतं. सगळ्या खोल्या मोकळ्या झाल्या होत्या, फक्त एक उरली होती. नूरिसनं रात्रभर वाक्य घोकलं होतं. जा बाळा, आईनं सोडलं तुला. एवढंच म्हणायचं होतं. तिनं एप्रन सारखा केला आणि दार तीनदा वाजवलं.

"नंतर या!"

आवाज आतून आला. पाहुण्यांचा तो आळसावलेला सूर लावलेला, शेवटी हसू दाबलेलं.  हा आवाज विसरत चालल्याची नूरिसला किती धास्ती होती! गेल्या वर्षापासून डोळे मिटले तरी तो नीट आठवत नसे. आता तो दाराच्या पलीकडे होता, हातभर अंतरावर.

तिनं कार्ड लावलं. दार चार बोटं उघडलं आणि खटकन अडलं. आतून साखळी होती. ही साखळी आतूनच लागते, बाहेरून लावता येत नाही, आणि नऊ दिवसांत ती कधी लागलेली नव्हती.

फटीतून खोली दिसत नव्हती, समोरच्या भिंतीवरचा आरसा दिसत होता. आरशात पलंगाचा कोपरा, आणि पलंगावर पाठमोरं कुणीतरी बसलेलं. ओले केस पाठीला चिकटलेले, त्यातून पाणी टपकत होतं. चादर मात्र कोरडी होती. मांडीवर टॉवेल असावा, कारण कोपरं हलत होती. काठ आत गुंडाळले. टोक चिमटीत धरलं. मनगटावर पिवळा पट्टा होता. मनगट जाड नव्हतं. ते इतकं बारीक होतं की पट्टा कोपरापर्यंत घसरत होता.

"दिलेनिया," नूरिस म्हणाली.

हात थांबले. केसांतलं पाणी टपकायचं थांबलं. आणि मग ती मान, हळूहळू, आरशाकडे वळू लागली.

एकदा बघितलं की संपलं. नूरिसला हे लख्ख कळलं. तो चेहरा बघितला की सान हुआनचं दुकान संपलं, शिवलेले झगे संपले, फोन वाजला की धडधडणारी छाती संपली. सहा वर्षं जिला बघायला ती तडफडली होती, तिचा चेहरा आता अर्ध्या क्षणावर होता. गाल दिसला. गालाच्या कडेला काहीतरी नव्हतं, जे असायला हवं होतं.

नूरिसनं दार ओढून घेतलं.

कपाळ दाराला टेकवून ती किती वेळ उभी होती कोण जाणे. पलीकडूनही दाराला काहीतरी टेकल्याचा आवाज आला, तिच्या कपाळाच्या बरोबर समोर. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. ती ते म्हणाली नाही.

"बरं बाळा," ती म्हणाली. "नंतर येते."

गाडीच्या कप्प्यात मुठीला अडकवायच्या पाट्या होत्या. 'त्रास देऊ नका' असं तीन भाषांत छापलेलं. ही पाटी असली की आग लागल्याखेरीज दार उघडायचं नाही, हा नियम तिनं कितीतरी मुलींना शिकवला होता. तिनं एक पाटी घेतली आणि स्वतःच्या हातानं मुठीला अडकवली.

खाली इलुमिनादानं विचारलं, "झाला मजला?"

"झाला," नूरिस म्हणाली.

योकास्तानं लांबून भुवया उंचावल्या. नूरिसनं होकारार्थी मान हलवली. योकास्तानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि देवाचे आभार मानले.

७

गुरुवारी दुपारपर्यंत हातोड्यांचे आवाज येत होते. मग सी ब्लॉकचं पाणी तोडलं, वीज तोडली, जिन्याला गज लावून कुलूप घातलं. सुतारांपैकी एकाला नूरिसनं उगाच विचारल्यासारखं विचारलं, शेवटच्या खोलीचं काय केलंत? "पाटी होती दाराला," तो म्हणाला. "राहिली असेल. तिच्यावरूनच ठोकली फळी."

त्या दिवशी ती घरी आली आणि दिवेलागणीला, सहा वर्षांत पहिल्यांदा, कपाटावरून प्लास्टिकची पिशवी खाली काढली. टेबलावर पांढरं अंथरलं. हंस ठेवला. शेजारी गार पाण्याचा पेला, काठोकाठ. योकास्ता आली, गल्लीतल्या चार बायका आल्या, आणि त्यांनी एका सुरात प्रार्थना म्हटली. नूरिसही म्हणाली, एक शब्द न गाळता. मोठ्या आवाजात म्हणाली, दिलेनिया मेली. खोलीतल्या सगळ्या बायका रडल्या.

सकाळी पेला काठोकाठ होता.

दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्याही. नऊ दिवस तिनं पाणी बदललं आणि नऊ दिवस ते तसंच राहिलं. योकास्ता म्हणाली, ती शांत झाली गं, तहान भागली तिची. नूरिसनं तिला काही सांगितलं नाही.

आता कामावर चढायच्या आधी ती रोज दहा मिनिटं लवकर येते. शेवाळाच्या ढिगांपाशी, सी ब्लॉकच्या खाली, पाण्याची बाटली घेऊन उभी राहते. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या सज्ज्याच्या कठड्यावर काही दिसतं का बघते. तेओफिलोकडे तिनं जिन्याची किल्ली दोनदा मागितली, तिसऱ्यांदा मागितली तेव्हा त्यानं इलुमिनादाला सांगितलं. आत काही नाही, इलुमिनादा समजुतीनं म्हणाली, एकेक खोली मीच तपासली, फक्त एक सोडून. तिथे पाटी होती.